पिवळ्या चौकोनातल्या बाया

आमचा नवा मॅनेजर प्रेस्कॉट माणूस म्हणून वाईट नव्हता, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, या लेम्पीच्या जिभेला हाड नाही. नाताळात त्यानं प्रत्येकीला घरी न्यायला डुकराची अख्खी तंगडी दिली होती. पण डोक्यात एकच किडा, बाई मोकळी सोडली की गप्पा मारते. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं, दुसरं काय!

आमची लॉण्ड्री अमेरिकेत डुलुथला, सरोवराच्या काठावर. गावातल्या हॉस्पिटलांच्या चादरी आमच्याकडे. आधीचा मॅनेजर, म्हातारा लिंडक्विस्ट, सकाळी कॉफी प्यायला खाली यायचा आणि म्हणायचा, "चादरी संपल्या की घरी जा, पोरींनो." बस. मग जिचा चादरींचा गाडा आधी रिकामा होई ती शेजारणीचा ओढून घेई. व्हर्नाची बोटं संधिवातानं सुजलेली, तिचा अर्धा गाडा रोज आम्हीच संपवत होतो. त्यात उपकार कसले? माझ्या बाळंतपणात तिनं माझा संपवला होता.

प्रेस्कॉटची खोली वर, काचेची. वरून आवाज ऐकू येत नाही, नुसत्या इकडून तिकडे जाणाऱ्या बाया दिसतात. त्याला वाटलं, या भटकतायत. एका रविवारी त्यानं प्रत्येकीच्या जागेभोवती जमिनीवर पिवळा चौकोन रंगवून घेतला. पाऊल बाहेर पडलं की ताकीद. गाडा उरला तरी ताकीद. तीन झाल्या की घरी.

आणि व्हर्नाची पेन्शन आली होती अगदी तोंडाशी! सरोवरावरचा बर्फ फुटला की ती सुटणार होती. तोवर नोकरी टिकली पाहिजे, नाहीतर सगळं पाण्यात. पण महिनाभरात तिच्या दोन ताकिदी झाल्या, दोन्ही उरलेल्या गाड्यापायी. मी चादरी इस्त्रीच्या रुळात सारताना सारखी खिडकीबाहेर बघायची. बर्फ हलायचं नाव घेत नव्हता.

"तिकडे बघून फुटणार आहे का तो?" व्हर्ना तिच्या चौकोनातून म्हणायची.

"तू घड्या घाल गं. बर्फाचं मी बघते."

मार्चमध्ये माझी बाही इस्त्रीच्या रुळात अडकली. बोटं आत ओढली जायला लागली. यंत्र थांबवायची लाल दोरी माझ्या पाठीमागे, खांबाला. माझा हात पोचेना. व्हर्ना दोन पावलांवर होती. मी ओरडले, "व्हर्ना! दोरी!"

तिनं खाली बघितलं.

माझ्याकडे नाही, दोरीकडे नाही, पायाजवळच्या पिवळ्या पट्ट्याकडे. मग धावली आणि दोरी ओढली. किती वेळ गेला असेल? शिंक यायला लागतो तेवढा. पण माझी दोन बोटं तेवढ्यात गेली.

प्रेस्कॉट जिना उतरून आला तो पांढराफटक. मला गाडीत बसवताना म्हणाला, "कमाल आहे! शेजारची बाई उभी राहून बघत होती. यांना एकमेकींची काही पडलेली नाही."



हात बांधून परत आले तर चौकोन खरवडून काढलेले. विमा कंपनीनं त्याचे कान उपटले होते. त्यानं सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाला, "आता मोकळेपणानं काम करा. पूर्वीसारखं. पण गाडा उरला तर ताकीद आहेच." मला शिवणाच्या टेबलावर बसवलं, एका हातानं जमेल तेवढं.

पट्टे गेले, पण जमिनीवर फिकट खुणा राहिल्या. बाया त्या खुणांच्या आतच. समोरच्या आयलाचा गाडा संपला, तिनं हाताची घडी घातली आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. व्हर्नाचा अर्धा भरलेला. सुटायची वेळ तोंडावर आलेली. वर काचेमागे प्रेस्कॉट उभा.

"आयला, घे ना तिचा थोडा," मी म्हणाले.

"मला कुणी सांगितलंय?"

"मी सांगत्येय, टवळे!"

"तू काय मॅनेजर झालीस?"

ही आयला! व्हर्नाचा नवरा वारला तेव्हा आठवडाभर तिच्या घरी स्वयंपाक करणारी. मी उठले आणि व्हर्नाचा गाडा एका हातानं ओढायला लागले. व्हर्नानं दुसरीकडून धरून ठेवला.

"सोड, लेम्पी. तुझा हात आत होता आणि मी पट्टा बघितला. माझ्यासाठी नको काही करू."

"माहितीय मला. पेन्शन होती तुझी."

"म्हणूनच सोड."

"सोडते माझं डोंबल! ऊठसूट रडू नकोस. धर टोक."

तेवढ्यात प्रेस्कॉट खाली आला. खिशाला पेन. "बघितलंत? पट्टे काढले तरी तेच. उभ्या आहेत नुसत्या." तो व्हर्नाकडे वळला. "मिसेस हॉगन, ही तुमची तिसरी..."

मी चादरीचं एक टोक चांगल्या हातात धरून हात लांब केला. एका हातानं चादरीची घडी होत नाही, हे आमच्यात शाळकरी पोरीलाही कळतं. मी तशीच उभी राहिले, आयलाकडे बघत.

आयलानं खाली बघितलं. मग पाय उचलला, उंबरा ओलांडताना उचलतात तसा, तिथे काही नव्हतं तरी. आली आणि टोक धरलं. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. प्रत्येकीनं तिथे पाय उचलला. सुट्टीच्या भोंग्याआधी गाडा रिकामा.

मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील याचे. त्यानं पेन खिशात ठेवलं आणि समाधानानं मान हलवली. "म्हणजे मी इथे उभा राहिलो की होतं काम," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या मधोमध एक उंच स्टूल आलं. त्यावर तो बसायचा. बसला की बाया एकमेकींचे गाडे ओढायच्या, हसायच्यासुद्धा. लघवीला उठला की सगळ्यांचे हात थांबायचे. त्याला त्याचा सिद्धांत पटत गेला आणि आम्ही त्याला तो पटवत गेलो. व्हर्नाचा गाडा मात्र परत कधी उरला नाही.

एप्रिलच्या शेवटी बर्फ फुटला. पहाटे आवाज ऐकून मी अंथरुणात रडले. व्हर्नाची पेन्शन पक्की झाली. शेवटच्या दिवशी तिनं वेलचीचा गोड पाव करून आणला, सगळ्यांना वाटला, ॲप्रन काढला आणि माझ्या टेबलाशी येऊन दोन्ही हात पसरले.

"ये गं," ती म्हणाली. "एकदा मिठी मार."

मी उठायच्या आधी स्टुलाकडे बघितलं.

ते रिकामं होतं. व्हर्नानं माझी नजर बघितली आणि तिचे हात हळूहळू खाली आले.