कडकनाथाची शेवटची अंडी

नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीनं भुसावळहून जयपूरला आलेल्या कलावतीबाईंना दोनच गोष्टींचा अभिमान होता: मुलगा राजरत्न आणि अंगणातले कडकनाथ. त्यात पहिला नंबर कोणाचा, हे राजरत्ननं कधी विचारलं नाही. शहाणा होता. तुऱ्यापासून हाडापर्यंत काळी जात ती! प्रताप नगरातले शेजारी काळं मटण बघून आधी नाक मुरडायचे आणि मग वाटी पुढे करायचे.

पण कडकनाथाची कोंबडी म्हणजे महाराणी. अंडी घालायची, उबवायला काही बसायची नाही. म्हणून बाई तिची अंडी साध्या गावरान कोंबडीखाली ठेवायच्या. यंदा उन्हाच्या झळांनी कोंबडा गेला, मागोमाग कोंबड्याही गेल्या. उरली ती गावरानीखालची अंडी. ती वाया गेली की बाईंच्या सासूपासून चालत आलेला वंश संपला.

आणि नेमकी सून गौतमीनं ती अंड्यांवर खुडूक बसलेली कोंबडी उचलून बादलीभर गार पाण्यात बुचकळली. गौतमी जन्मानं जयपूरची. कोंबडी पाहिलेली ती ताटातच.

"काय केलं व बाई हे!" कलावतीबाई कडाडल्या. "खुडूक मोडायची असली की बुचकळतात तिला. आता बसते का ती?"

"मतलब... पिसं फुलवून बसली होती, खात नव्हती. मला वाटलं, ऊन लागलं, आई," गौतमी रडकुंडीला आली.

कोंबडी खरंच बसेना. खुशाल दाणे टिपत हिंडू लागली. पण हातपाय गाळणाऱ्यातल्या कलावतीबाई नव्हेत. अंडी टोपलीत भरून त्यांनी उन्हानं तापणाऱ्या मागच्या खोलीत नेली, कूलर बंद केला आणि सुनेला फर्मावलं, "आता तूच बस खुडूक!"

गौतमी बसली. अंडं पापणीला लावून ऊब कशी ओळखायची, ते बाईंनी शिकवलं. जास्त तापलं की टोपली दाराशी, निवलं की ऊन येणाऱ्या खिडकीशी. कोरड्या हवेत अंडी सुकू नयेत म्हणून वर ओलसर फडकं. पोरगी घामानं निथळत होती, पण कूलर लावू का, असं एकदाही म्हणाली नाही. बाई ते बघत होत्या.

मग एका सकाळी टोपलीत चिवचिव झाली. काळीभोर पिल्लं! चोच काळी, पाय काळे. बाईंनी पदरानं डोळे पुसले.

शेजारची सलोनी धावत आली. "आपकी मुर्गी के हैं, माँजी?"

"ना," कलावतीबाईंनी मान ताठ करून सांगितलं, "मेरी बहू के हैं."