दलदलीपलीकडची मतं

बंडाच्या दिवसांत सैनिक एक्वारू नावाच्या गावातल्या तरुणाला शोधत आमच्या घरी आले, तेव्हा माझ्या आईनं, असेकेन्येनं, त्याला नाचणीच्या कणगीत लपवलं होतं. त्यांनी तिचा हात मोडला. ती बोलली नाही. पुढे एक्वारू निवडणुकीला उभा राहिला, खासदार झाला, आणि दलदलीपलीकडच्या आमच्या गावांनी मग कधी दुसऱ्याला मत दिलंच नाही. ना रस्ता झाला, ना दवाखाना. कुणी कुरकुर केली की आई म्हणायची, "घरचं पोर आहे. घरच्या पोराशी कुणी हिशेब मांडतं का?"

या खेपेला रेडिओवर कळलं की मतदारसंघ फोडलाय आणि आमची गावं नव्या मतदारसंघात गेलीत. आईला घास जाईना. "वैऱ्यांनी डाव साधला. पोर एकटं पडलं असेल," म्हणत कोंबडी काखोटीला मारून ती त्याला धीर द्यायला निघाली. मीही सोबत गेले.

शहरातल्या घरी एक्वारूनं तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

आई म्हणाली, "खचू नकोस. आम्ही सगळे राजधानीत, कंपालाला जातो, भांडतो. गावं परत तुझ्याकडं आणतो."

"भांडू नका, आई," तो म्हणाला. "मीच तसं मागितलं होतं. तिकडं माझा मेहुणा उभा आहे. त्याला पक्की मतं हवी होती. तुमच्याइतकी पक्की मतं आणखी कुणाची?"

आईला उमगेना. मी पुन्हा समजावून सांगितलं.

"म्हणजे तू आम्हाला देऊन टाकलंस?"

"देऊन कसं? तो काय, मी काय, एकच."

"लेक देऊन तिच्या बदल्यात गाई घेतात, तेव्हाही आधी लेकीला विचारतात. तू आम्हाला विचारलं नाहीस."

एक्वारू हसला. "विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात?"

आईनं कोंबडी उचलून पुन्हा काखोटीला मारली. मग म्हणाली, "नसतो म्हणालो."

कोंबडी तिनं परत आणली.

मतदानाला ती जाणार नाही असं वाटलं होतं, पण गेली. संध्याकाळी आंब्याखाली सगळ्यांसमोर एकेक मत पुकारत मतमोजणी सुरू झाली. मेहुण्याच्या नावाचा पुकारा थांबेना. शेजारचा ओडेके आईला म्हणाला, "एक्वारूचा निरोप आला होता ना, आई. तुमचंच पोर ते. मग आम्ही दुसऱ्याला कसं देणार?"

"मी नाही दिलं त्याला," आई म्हणाली.

ओडेकेला वाटलं, थट्टा करतेय. तो हसत दुसऱ्यांना सांगायला गेला. आई उठली. मोजणी अजून चाललीच होती. मी तिच्या मागोमाग घरी आले.