जानसेतच्या पाच स्लाइड्स

श्रीरंगच्या सॉफ्टवेअर कंपनीत टीमला टीम म्हणणं बंद झालं होतं. कुणा कन्सल्टंटच्या सल्ल्याने सगळ्या टीम्स आता 'ट्राइब' झाल्या होत्या आणि एडिसनच्या ऑफिसात श्रीरंग पेमेंट्स ट्राइबचा मॅनेजर होता. त्याची बॉस प्रीता न्यू जर्सीतच जन्मलेली. मराठी मंडळात ती त्याला काका म्हणे, ऑफिसात नुसतं श्रीरंग.

मेच्या सुरुवातीला प्रीताचं मेलवर फर्मान आलं : टाउन हॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या सभेत, प्रत्येकाने आपल्या ट्राइबचा इतिहास सांगायचा, पाच स्लाइड्समध्ये.

स्लाइड्सचा श्रीरंगला कंटाळा. त्याने ते काम जानसेतच्या गळ्यात घातलं. ती त्याच्या हाताखालची टेस्टर. साठीला टेकलेली, तासाभरावरच्या वेन गावाहून गाडीने येणारी, कमी बोलणारी. तिने मेल दोनदा वाचला.

"माझ्या ट्राइबचा इतिहास? नक्की?"

"सगळा. अगदी सुरुवातीपासून," श्रीरंग मीटिंगला पळता पळता म्हणाला.

टाउन हॉलमध्ये आधी लॉगिन ट्राइबने आपला संघर्ष सांगितला. विसरलेला एक पासवर्ड आणि बराचसा पिझ्झा. टाळ्या पडल्या. मग जानसेत उठली. पडद्यावर काळ्या समुद्राचा किनारा आला.

"माझी ट्राइब शापसुग. आम्ही सर्केशियन, कॉकेशसचे. झारच्या फौजांशी आम्ही पिढ्यान् पिढ्या लढलो आणि १८६४ साली हरलो. त्यांनी गावं जाळली, उरलेल्यांना जहाजांत कोंबून तुर्कस्तानकडे धाडलं. वाटेत मेलेल्यांना समुद्रात टाकलं. माझ्या पणजीची आई वाचली. तिने मरेपर्यंत मासा खाल्ला नाही."

श्रीरंग खुर्चीत पुढे सरकला. शेजारून प्रीता कुजबुजली, "काका, हे काय? तुम्ही रिव्ह्यू नाही केलं?"

"पुढे सीरियात, गोलानवर घरं बांधली. १९६७च्या युद्धात तीही गेली. तेव्हा मी दोन वर्षांची होते. तिथून इकडे, हे तिसरं मायग्रेशन."

हर्नडनच्या ऑफिसातून स्क्रीनवर जोडलेला, एका सिस्टिममधून दुसरीत डेटा हलवण्याचं काम बघणारा देवांग इतका वेळ मेल बघत होता. मायग्रेशन ऐकताच त्याने माइक ऑन केला. "डेटा लॉस किती?"

"कुणी मोजला नाही," जानसेत शांतपणे म्हणाली. "मागे किनाऱ्यावर जवळजवळ कोणी उरलं नाही."

देवांगने कॅमेरा बंद केला. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कुणाला कळेना. मग प्रीताने लंच जाहीर केला.

दुसऱ्याच दिवशी एचआरचं पत्रक निघालं : 'ट्राइब' हा शब्द भावना दुखावणारा असल्याने यापुढे 'व्हिलेज' म्हणावं. श्रीरंग ते घेऊन मोठ्या उत्साहाने जानसेतकडे गेला.

"तुझ्यामुळे बदललं बघ!"

"गावंच तर आधी जाळली होती, श्रीरंग."

तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. मग खुर्ची ओढून बसला. "सॉरी. मी तुला पाच स्लाइड्स म्हणालो, पण विषय काय तेच मी वाचलं नव्हतं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणून तर पुन्हा विचारलं नाही. नोकरीच्या चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी सगळा सांग म्हणालं होतं."

एकवीस मेला वेनमध्ये तिच्या लोकांचा स्मृतिदिन होता. श्रीरंग हाफ डे टाकून गेला. तिथली भाषा त्याला कळत नव्हती. नावं वाचली जात होती, लोक उभे होते, तोही उभा राहिला. खिशात फोन तीनदा थरथरला. त्याने बघितलं नाही. नंतर जानसेतने चीज भरलेली गरम पुरी त्याच्या हातावर ठेवली आणि ती आपल्या भावाला म्हणाली, "हा माझा मॅनेजर. याला गोलानच्या घराचं सांग. वेळ घे, याला घाई नाही."