मागच्या भिंतीचा डोस

आमच्या सुनेला मी भाता म्हणते, तोंडावर. लहानपणापासूनचा दमा तिला. एक जिना चढली की छातीतून सूर निघतात. मुलाला लग्नाआधीच सांगितलं होतं, पण आईचं ऐकतो कोण. तिला दिवस गेले तेव्हापासून माझ्या जिवाला एकच घोर होता. नातवंडाने आईची छाती घेऊन येऊ नये.

दवाखान्यातल्या इंजेक्शनच्या खोलीची मुख्य सिस्टर मी. एकवीस वर्षं फ्रीजची किल्ली माझ्याकडे. त्या वर्षी तान्ह्या बाळांसाठी नवं इंजेक्शन आलं. लस नव्हे, तयार प्रतिपिंडं. बाळाच्या अंगाने ती बनवायची वाट बघायला नको. एकदा टोचलं की छातीत उतरणाऱ्या विषाणूपासून पहिला हिवाळा निभावतो. पुढे दमाही टळेल का, असं विचारलं की डॉक्टर म्हणायचे, कदाचित. मला तेवढं कदाचितही पुरेसं होतं.

डोस मोजकेच आले. एकच उरला तेव्हा सुनेच्या बाळंतपणाला तीन आठवडे होते. धुलाईखात्यातली बाई दारात आली. कडेवर दिवस भरायच्या सात आठवडे आधी जन्मलेली मुलगी, वजन जेमतेम दोन किलो.

"सिस्टर, डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"संपलं."

"एकही नाही?"

"फ्रीज उघडून दाखवू का तुला?"

ती गेली. उघडला असता तरी तिला काही दिसलं नसतं. डबी मी खालच्या कप्प्यात, पार मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती आणि पुढे दुसऱ्या डब्यांची रांग लावली होती.

आता, मागच्या भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवायचं, हे मी प्रत्येक नव्या नर्सला पहिल्याच दिवशी सांगते. तिथे बर्फ धरतो. एकदा गोठलेला डोस नंतर पातळ झाला तरी वाया गेला, टाकून द्यायचा. एकीने ही चूक केली तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर रडवली होती.

नातू झाला. तिसऱ्या दिवशी डबी काढायला गेले, तर पुठ्ठा भिजून भिंतीला चिकटलेला. ओढला, तर अर्धा तिथेच राहिला. आतली भरलेली सिरिंज उजेडात धरली. औषध स्वच्छ दिसत होतं.

मला कळलं. कळलं नाही असं खोटं कशाला बोलू? पण दुसरा डोस नव्हता, आणि वाया गेला म्हटलं असतं तर तो तिथे का ठेवला तेही सांगावं लागलं असतं. मी टोचला. सुनेने माझा हात धरला. "आई, तुम्ही होतात म्हणून," एवढंच म्हणाली.

सहाव्या आठवड्यात नातवाच्या बरगड्या प्रत्येक श्वासाला आत ओढल्या जाऊ लागल्या. वॉर्डात ठेवला, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. डॉक्टर माझ्या सहीचा कागद बघत राहिले.

"डोस देऊनही इतकं?"

"आईला दमा आहे ना," मी म्हटलं. सून शेजारीच उभी होती.

दुपारी चादरी बदलायला ती धुलाईखात्यातली बाई आली. म्हणाली, "तुमच्याकडचं संपलं तर डॉक्टरांनी दुसऱ्या दवाखान्यातून मिळवून दिलं. आता चांगली बाळसेदार झालीये पोरगी. तुमचंही बाळ बरं होईल, सिस्टर." टोमणा असता तर मी ऐकून घेतला असता. ती मनापासून बोलत होती, याचाच मला राग आला.

ती गेल्यावर सून म्हणाली, "आई, माझ्यामुळेच झालं ना हे?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं.

"झालं ते झालं," मी म्हटलं. "आता तरी जरा जपून."

नातू वाचला, घरी आला. रडला की त्याच्या छातीतून आईसारखेच सूर निघतात. आणि सून त्याला जवळ घेताना श्वास रोखून धरते, आपला श्वास त्याला लागू नये म्हणून. दम्याच्या बाईला ते फार वेळ जमत नाही. मग ती त्याला माझ्याकडे देते आणि दाराबाहेर जाऊन धापा टाकते. मी बाळाला घेते.