सीतारामच्या मेढी

खड्डा दीड हात गेला आणि पहार खणकन वाजली. गेणूनं जागा बदलून दोनदा मारून बघितली. खाली सगळा कातळ.

"आता वं, गेणूभाऊ?" मी विचारलं.

"आता काय, मेढीच कमी करायच्या. वरचं बेळकं राहू दे. बुडख्याकडनं दीड हात काप."

करवत माझ्या हातात होती. मेढी म्हणजे घराचे खांब, माथ्याला वासा बसायला दुफाट्याचं बेळकं ठेवलेले. ऐनाच्या लाकडाच्या, काळ्याभोर, टिकाव मारला तर उडून यावा अशा. चार होत्या, आणि चारीही सीतारामच्या होत्या.

धरणाचं पाणी चढायला लागलं तसं आमचं नदीकाठचं गाव उठलं आणि आम्ही वर डोंगराच्या अंगाला सरकलो. सीताराम बौद्धवाड्यातला. त्याचं आणि गेणूचं वावर बांधाला बांध लागून. तो रेल्वेत गँगमन म्हणून लागला आणि बायकापोरं घेऊन लोणावळ्याला गेला. जाताना घर उतरवलं, पण मेढी न्यायला गाडी मिळेना. गेणूला म्हणाला, "तू वर जाशील तवा तेवढ्या संगं ने. माझी जागा झाली की येतो न्यायाला." गेणूनं त्या आणल्या. दोन पावसाळे पेंढ्याखाली झाकून ठेवल्या. सीताराम काही आला नाही.

गेणूचं नवं घर उतारावर. भात कापून आणलं तर पसरायला हातभर सपाट जागा नाही. मागच्या दारी मेढी रोवून वर फळ्यांचा माच घातला, तरच सोय. आणि रानात कुऱ्हाड लावावी, तर जंगलखात्याचा माणूस दुसऱ्या दिवशी दारात.

गेणूची बायको हिरी चौकटीला टेकून बघत होती. पहिल्या मेढीचा तुकडा खाली पडला तशी म्हणाली, "लोकाच्या वस्तूला करवत लावताय व्हय?"

"दोन वर्सं झाली. येत न्हाई आता त्यो."

"त्याच्या बाला तुमच्या आयनं कदी पडवीत घेतलं न्हाई. भाईर उभा करून वरनं पाणी वतायची. आन् त्याच्या मेढी बऱ्या चालल्या!"

गेणूनं तिच्याकडं बघितलं नाही. मला म्हणाला, "श्रीपती, थांबलास का? वढ की." मी ओढली. मलाही ते लागलं होतं, पण मी ओढली.

मग बुडख्यांना वाळवी लागू नये म्हणून डांबर फासलं. मी मेढ धरायची, गेणूनं ओळंबा बघायचा, भोवतीनं दगडाच्या कपच्या ठोकायच्या, मुरूम टाकून धुमसानं चेचायचा. चारी मेढी उभ्या राहिल्या. आडवे वासे बेळक्यात बसले, वर फळ्या आल्या. माच असा झाला, की वर म्हैस चढवली तरी हलू नये.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघं त्याच माचावर भाकरी खात बसलो होतो. खालून बैलगाडी वर येताना दिसली. रिकामी होती. गाडीपुढं सीताराम.

"जय भीम, गेणू! लय उशीर झाला बग."

हिरीनं तांब्या भरून आणला, भाकरी वाढली. सीताराम माचावर आमच्यात मांडी घालून बसला; खालच्या मेढी भोवती रचलेल्या पेंढ्याआड झाकलेल्या. त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "रेल्वेच्या पलीकडं जागा गावली. भिती रचल्यात, पत्रं आणल्यात. आता मेढी रवल्या की झालं. कुटं ठिवल्यात?"

गेणूच्या हातातला घास हातातच राहिला. "त्या... त्या व्हय? पाण्यात गेल्या, सीताराम. आमी सामान काडत व्हतो, रातीत पाणी चढलं. न्हाई काडता आल्या."

माझ्याही तोंडात घास होता. तो गिळून मला बोलता आलं असतं. मी तो तसाच धरून बसलो.

सीतारामनं एकदा धरणाच्या पाण्याकडं बघितलं आणि गेणूच्या गुडघ्यावर हात ठेवला. "जाऊ दे. तू तुझं घर काडशील का माजी लाकडं? बाच्या हातच्या व्हत्या, म्हून आलो. तू मनाला लावून घिऊ नगंस."

भाकरी संपवून तो उठला. रिकामी गाडी खडखड करत उतार उतरू लागली. हिरी आमची ताटं उचलून आत गेली. गेणूचं ताट भरलेलंच होतं.

गाडी वळणाआड गेली तसा गेणू उठला आणि त्यानं पहार घेतली.

"कुटं?" मी विचारलं.

"मेढी उपटाया. त्यानं चार शिव्या घातल्या आसत्या तर म्या माच ठिवला आसता, श्रीपती. त्यानं मलाच समजावलं रं."

दिवस मावळेपर्यंत आम्ही माच मोडला. सकाळी गेणूच्या गाडीत मेढी भरल्या, दुधिवऱ्याच्या खिंडीतनं लोणावळा गाठलं. सीताराम भिंतीला चिखल लावत होता. गाडी बघून तो हात न धुताच पुढं आला.

"म्या खोटं बोललो," गेणू म्हणाला. "पाण्यात न्हाई गेल्या. म्या माचाला रवल्या. दीड दीड हात कापल्या बी."

"कापल्या म्या," मी म्हणालो.

सीताराम वाकला. चिखलाच्या हातानं त्यानं एक मेढ बुडख्यापासून बेळक्यापर्यंत मोजली. दुसरी मोजली. चारी मोजल्या. शिवी देईल, हाकलून देईल असं वाटलं. कालच्यासारखं 'जाऊ दे' म्हणेल असंही एकदा वाटलं. तो म्हणाला नाही.

"भिती उतरवाव्या लागतील," एवढंच बोलला. "पहार आणलीया का?"

तीन दिवस आम्ही तिथं राबलो. रचलेल्या भिंतीचे वरचे थर उतरवले, खड्डे खणले, मेढी रोवल्या, पत्रे चढवले. घर उभं राहिलं, पण बुटकं. चौकट तर माणसाच्या छातीएवढी.

आता लोणावळ्याला गेलो की आम्ही सीतारामकडं जातो. तो चहा देतो, पोरांची शाळा सांगतो, आमच्या भाताची चौकशी करतो. आत जाताना मात्र कंबरेत वाकावं लागतं. दुसरं कोणी पाव्हणं आलं की तो आतनं वरडतो, "डोकं संबाळा वं!"

आम्हाला कधी म्हणत नाही.