हजर कंपायलरची गैरहजेरी

मी कंपायलर बोलतोय. हो, आहे मी! हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्याकडं वाद झाला तो त्यावरूनच.

माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करून देणं, हा माझा धंदा. दिलावरभाईंची कुपवाडला फाउंड्री आहे. त्यांच्या लेकीनं, नूरीननं, मला लॅपटॉपवर आणलं. वजनकाट्याचा आकडा थेट लेबलवर छापायचा, असा तिचा प्रोग्रॅम. तो बघायला मलकापूरचे पंपवाले उदयसिंह दुपारी येणार होते. पसंत पडला तर त्यांच्या पंपांच्या कास्टिंगचं, म्हणजे ओतकामाचं, काम दिलावरभाईंना, नाहीतर दुसऱ्या कुणाला.

आणि नेमका सकाळी पॅकेज मॅनेजर अडून बसला. हाही माझ्यासारखा प्रोग्रॅमच; दुसऱ्या प्रोग्रॅमला लागेल ते सामान इंटरनेटवरून आणून बसवतो. काट्याशी बोलणारं सामान जोडायला मात्र त्याला मी लागतो. तर साहेब म्हणतात, "कंपायलर सापडत नाही." अरे गड्या, मी इथंच आहे की!

नूरीननं मला पुन्हा बसवायला घेतलं. मला बसवणारा प्रोग्रॅम म्हणाला, "हा तर आधीच बसवलाय." घ्या! मग तिनं लॅपटॉप बंद करून चालू केला. आपल्याकडं टीव्हीपासून मोटरीपर्यंत सगळ्यांना हेच औषध.

"आगं, व्हनार का न्हाई?" दिलावरभाईंनी विचारलं. "पाव्हण्यांनी कडेगाव सोडलं बग, येतीलच आता."

पोरीचे डोळे भरले. मला लय वाईट वाटलं. इतका वेळ ती नुसती शेवटची लाल ओळ वाचत होती. आता सगळा मजकूर वाचायला बसली. मॅनेजरनं मला कुठंकुठं शोधलं ते त्यात होतं, सगळं सी ड्राइव्हवर.

"वाजिदभाई, सीमधलं काय हलवलंस का?"

"व्हय की," भाऊ अभिमानानं म्हणाला. "सी भरला की लॅपटॉप मरतोय. कळंना ते समदं कट-पेस्ट करून डीमदी टाकलंय."

डीमध्ये 'फालतू' नावाचं फोल्डर होतं. त्यात मी, लग्नांच्या व्हिडिओंशेजारी.

नूरीननं मॅनेजरला हा पत्ता दिला. लगेच ओळख पटली साहेबांना! मी सामान जोडून दिलं आणि उदयसिंहांच्या समोर लेबल छापून आलं. काम मिळालं. दिलावरभाई म्हणाले, "ह्यो मॅनेजर लय हुशार हाय."

पाहुणे गेल्यावर नूरीन त्या फोल्डरचं नाव बदलायला निघाली.

"नगं!" वाजिद ओरडला. "नाव बदललंस तर पुन्यांदा सापडायचा न्हाई. अब्बाचं काम जाईल."

आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बोलला. म्हणून मी आता कायमचा फालतूत राहतो. विनंती एकच. आवराआवर करताना कुणाला काढायचं, ते फोल्डरच्या नावावरून ठरवू नका.