अकरा दिवस मुरवलेली वायर

शिंदखेड्यात अभिमन आबांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. आत देवबिव प्रकटला नव्हता, एका वायरीचे अकरा दिवस पूर्ण झाले होते. धुळ्याच्या दीपकभाऊने विकलेली ही स्पीकरला जोडायची वायर मनगटाएवढी जाड होती, वर सोनेरी जाळी. अकरा दिवस तिला हात न लावता मुरू द्यायची, असा त्याचा हुकूम. बायकांनी तिला कानबाई देवीसारखं हळदकुंकू वाहिलं, आणि आबांच्या इंजिनियर जावयाने, जगदीशने, नारळ फोडला. मी ह्या गावात चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. माझे निम्मे विद्यार्थी तिथे हात जोडून बसले होते. झालं माझ्या नोकरीचं चीज.

आबांची बायको प्रमिलाबाई तीन वर्षांपूर्वी वारली. कानबाईची गाणी म्हणताना भरलेली तिची एक कॅसेट तेवढी उरली. दीपकने ते हेरलं. कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून दिली आणि म्हाताऱ्याच्या गळ्यात अॅम्प्लिफायर व वायर मारली. त्यासाठी आबांनी प्रमिलाबाईच्या पाटल्या सोनाराकडे आटवल्या. दीपकने ऐकवायला आणलेल्या स्पीकरचा सौदा आज ठरणार होता, म्हणून तिची सोन्याची पोत फडक्यात बांधून ते मांडीवर घेऊन बसले होते. लेक ज्योत्स्ना दाराशी उभी होती. ती पोत तरी घरात राहावी, एवढंच तिचं मागणं होतं, आणि कोणी ऐकत नव्हतं.

"साध्या तांब्यातून नुसता आवाज येतो, आबा," दीपक म्हणाला. "हिच्यातून आत्मा येतो. आधी साधी ऐका."

साधी ऐकवली. बायकांचा गलका, त्यात प्रमिलाबाईचा सूर. मग त्याने सोनेरी वायर जोडली आणि सगळ्यांना डोळे मिटायला लावले.

"बांगड्या वाजी ऱ्हायन्यात," आबा पुटपुटले. "तिन्या पाटल्या शेतस." म्हणजे तिच्याच पाटल्या.

ओसरीवर रडारड सुरू झाली. शेजारच्या तानुबाईच्या अंगात यायचंच काय ते बाकी होतं.

अॅम्प्लिफायरच्या तोंडासमोर प्रमिलाबाईचा हार घातलेला फोटो टेकवला होता. मी उठून तो उचलला.

"सर, गेलेल्या माणसाचा अपमान करता?" दीपक म्हणाला.

फोटोमागे आवाजाचा लाल आकडा होता, छत्तीस. "आता साधी जोड," मी म्हणालो. त्याने जोडली. सवयीने त्याचा डावा हात खिशात गेला आणि सगळ्यांच्या देखत आकडा एकतीसवर उतरला. खिशातून रिमोट निघाला.

मग आबांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि रिमोट ज्योत्स्नाच्या हाती दिला. सोनेरी वायर, एकतीस: बांगड्या नाहीत. साधी वायर, छत्तीस: "आते वाजन्यात." दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच.

"आवाज जरासा वाढवला की कानाला तो जास्त साफ वाटतो," मी म्हणालो. "वाढवलाय हे सांगायचं नाही, एवढीच ह्याची विद्या."

"आणि मुरवायचं कशाला?" ज्योत्स्नाने विचारलं.

मी बिल वाचून दाखवलं. माल परत घेण्याची मुदत सात दिवस. मुदत टळेपर्यंत हात लावायचा नाही, ह्याला तो मुरवणं म्हणत होता.

"श्रद्धा असली की ऐकू येतं," म्हणत दीपकने बॅग उचलली. आता जमाव त्याच्यावर धावला. सगळ्यात पुढे नारळवाला जगदीश.

मला चेव आला होता. मी आबांचा जुना टेपरेकॉर्डर काढला, कॅसेट घातली आणि आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. स्वच्छ वाजल्या बांगड्या.

आबा बराच वेळ ऐकत बसले. मग त्यांनी पोत ज्योत्स्नाच्या हातात दिली.

"बंद करा सर. हाई ते आठेज व्हतं," इथेच होतं म्हणत त्यांनी जुन्या टेपवर हात ठेवला. "पाटल्या मी आटाडी टाक्यात."

समजूत घालणं मला येत नाही, म्हणून जे येतं ते सांगतो. ऐपत असेल तर महाग यंत्र जरूर घ्या, चांगला स्पीकर चांगलाच वाजतो. पण पाठमोरे बसा, दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, बटण घरच्या माणसाकडे द्या. फरक कळला नाही तर पैसे खिशात ठेवा. आणि शेजाऱ्याला फसताना पाहिलंत, तर त्याच दिवशी बोला. वायर आली त्या दिवशीच मला सगळं कळलं होतं. माझं घर समोरच्या गल्लीत आहे. तेव्हा बोललो असतो तर माल परत गेला असता. मी अकराव्या दिवसाची वाट पाहिली, कारण मला गर्दी हवी होती.